वाळूचं गाव

टेकनपूरच्या वर्गात मी गाव मांडतो.
सिंध नदीची वाळू, चाळून, भिजवून.
हिरवा रंगवलेला भुसा म्हणजे जंगल,
निळी लोकर म्हणजे नाला,
आणि घरं म्हणजे काड्यापेट्या. सत्तेचाळीस.
दर तुकडीला दोन-तीन कमी भरतात,
मेसमधला रामसनेही न विचारता उचलून नेतो.

छडी फिरते.
इथून घेरा, इथे पळवाट बंद,
उजाडायच्या आत शाळेमागचा उंचवटा हातात.
पोरं उतरवून घेतात.
इंदापूरकडचा एक जाचक उठतो, मान ताठ:
सर, हा तर गनिमी कावा. आपल्या रक्तातच आहे.
मी म्हणतो, बस खाली.
गनीम हे समोरच्यानं आपल्याला ठेवलेलं नाव,
आपण ते मिरवत राहिलो.
आज या टेबलाच्या कुठल्या बाजूला उभा आहेस
ते बघ आधी.

तासात बसत नाही ते असं:
तेंदुमेट्याला आम्ही बावीस दिवस होतो.
पहिले आठ दिवस कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
नवव्या दिवशी हापसा दुरुस्त केला,
वायसर माझ्या जुन्या बुटाच्या तळव्यातून कापलेला.
बाया आल्या, पाणी भरलं,
आमच्याकडे न बघता गेल्या.
पंधराव्या दिवशी सुकालू तंबाखू मागायला आला
आणि जाता जाता
अंगठ्यानं रस्त्यावर एक रेघ ओढून गेला.
रेघेखाली तीस किलो निघालं.
माझ्या अकरा माणसांचे पाय
त्या रेघेमुळे अजून जागेवर आहेत.
त्यातला एक भिंडला दुधाचा धंदा करतो,
दिवाळीला फोन करतो.

मग हुकूम आला: पुढचं गाव.
निघायच्या आदल्या रात्री सुकालूनं विचारलं,
तुम्ही किती दिवस?
मी म्हणालो, आहोत.
क्रियापद खरं होतं.
काळ चुकला.
त्याचं पुढे काय झालं ते अहवालात दीड ओळीत आहे.
अक्षर माझं आहे.

संध्याकाळी बसनं ग्वाल्हेर.
शिंदे की छावणीला उतरून घरापर्यंत पायी.
नावं बघा आमची: लष्कर, कंपू, छावणी.
कधीकाळी इथे एक फौज तंबू ठोकून बसली,
उद्या-परवा उठायचंच म्हणून,
आणि उठलीच नाही.
खुंट्यांच्या जागी जोती आली,
तणावाच्या दोऱ्यांच्या जागी गल्ल्या,
आता तिथे थंडीत गजक कुटतात
आणि आमच्या घरी अजून म्हणतात,
एकदा देशावर जाऊन यायला हवं.
आई म्हणायची. आता बायको म्हणते.

त्या फौजेलाही कुणी विचारलं असेल,
तंबाखू मागायच्या निमित्तानं,
तुम्ही किती दिवस?
कुण्या माझ्यासारख्या हवालदारानं
घोड्याचा पट्टा आवळत
काहीतरी सांगितलं असेल,
आणि सांगताना त्यालाही ते खरंच वाटलं असेल.

गेलो तर सुकालू.
राहिलो तर लष्कर.
मधल्या जागेचा तास वेळापत्रकात नाही.
एकदा वर लिहून विचारलं होतं.
उत्तर आलं: वाळू बदलून घ्यावी.

आज शेवटच्या बाकावरून अनुपा तिर्की,
गुमल्याची, फारशी न बोलणारी,
टेबलाशी येऊन उभी राहिली.
सर, या पेट्या रिकाम्या आहेत ना?
वर्ग हसला.
मीही हसत एक उचलली
आणि कानाशी नेऊन हलवली.

वाजली.

वर्ग गप्प.
ती मी परत ठेवली,
नाल्यापासून तिसरी, होती तिथेच,
फक्त तिचं दार कुठल्या बाजूला होतं
ते काही केल्या आठवेना.